हिरव्या साडीतलं गिऱ्हाईक

मला ती नोकरी चेहऱ्यामुळे मिळाली. यात हुरळून जाण्यासारखं काही नव्हतं. मुलाखतीला आम्ही तीसेक जणी बाकांवर बसलो होतो. मॅनेजर साहेब आत माझ्याशी दहा मिनिटं बोलले, मी परत बाकावर येऊन बसले, ते चहा पिऊन बाहेर आले आणि मलाच विचारू लागले, "तुम्हाला अजून आत बोलावलं नाही का?" मी म्हटलं, "साहेब, आत्ताच झालं की माझं." ते थबकले, मग हसले. म्हणाले, "तुमचा चेहरा लक्षातच राहत नाही हो ताई. असंच माणूस पाहिजे होतं आम्हाला."

घरी येऊन मी आरशात बराच वेळ पाहिलं. नाक जागेवर होतं, डोळेही होते. राग आला होता, पण तो धरून बसण्याची ऐपत नव्हती. नवरा स्टीलच्या कारखान्यात होता. पायावर तापलेली सळई पडल्यापासून खाटेवर होता आणि कारखान्याने दुसऱ्याच महिन्यात पगार थांबवला होता. घर माझ्यावर आलं होतं.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाची. जालन्यात तोवर एवढं मोठं स्वस्त दुकान कुणी पाहिलं नव्हतं. पत्र्याच्या भल्यामोठ्या शेडला आतून पांढरं छत मारलेलं, पण लोक त्याला मॉलच म्हणायचे. खेड्यापाड्यांतून जीप करून नुसतं बघायला यायचे. आपल्या हाताने वस्तू उचलायची, कुणी हटकत नाही, याचंच त्यांना नवल वाटायचं. आत एकही खिडकी नव्हती. सकाळी अकराला आत शिरलं की संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत तोच पांढरा उजेड आणि तेच गाणं, बाहेर ऊन आहे की आभाळ भरून आलंय याचा पत्ता नसायचा.

स्वस्ताईची मेख मला पहिल्याच आठवड्यात कळली. साखर तोट्यात विकायची, पण ठेवायची पार मागच्या भिंतीला. साखरेसाठी आलेला माणूस जाता-येता शेकडो वस्तूंसमोरून गेलाच पाहिजे. टॉवेलच्या चिठ्ठीवर एक मोठा आकडा छापायचा, त्यावर लाल काट मारायची आणि खाली खरा भाव लिहायचा. तो वरचा आकडा कधी कुणी मागितलेलाच नसायचा. घासाघीस करायला समोर माणूसच नाही म्हणून बायका सुरुवातीला बावचळायच्या. मग चिठ्ठीवर बोट ठेवून एकमेकींनाच विचारायच्या, "बराबर हाय ना गं?"

माणसं कमी ठेवायची, हाही त्या स्वस्ताईचाच भाग होता. पोरी घनसावंगीकडून, भोकरदनकडून यायच्या, तीन-चार महिने टिकायच्या आणि पायांना सूज आली की सोडून जायच्या. नवीन पोरीच्या नावाचा बिल्ला छापून यायला वेळ लागे, म्हणून तोवर गेलेलीचा बिल्ला तिच्या छातीवर लावायचे. बहुतेकींच्या बाबतीत तो 'तोवर' कधी संपायचाच नाही. माझ्या काळात साबणाच्या रांगेत एकाच नावाच्या तीन वेगवेगळ्या पोरी होऊन गेल्या. तिसरीला मी तिचं खरं नाव विचारलं, तर तिने आधी बिल्ल्याकडे पाहिलं. गणवेशाचे खिसे शिवून बंद केलेले असायचे. बाहेर पडताना प्रत्येकीची झडती व्हायची, अंबाडासुद्धा चाचपून बघायचे.

मला मात्र बिल्लाही नव्हता, गणवेशही नव्हता. माझं काम गिऱ्हाईक होण्याचं होतं. घरच्या साडीत यायचं, ढकलगाडी घ्यायची, वस्तू उचलायच्या, उलटसुलट करून बघायच्या, गाडीत टाकायच्या, दुसऱ्या टोकाला जाऊन परत ठेवायच्या आणि डोळे लोकांच्या हातांवर ठेवायचे. दिवसाचे आठ तास. कामावरच्या कुणाशी बोलायचं नाही, ओळख दाखवायची नाही. काय काम करते हे घरच्यांखेरीज कुणाला सांगायचं नाही. आणि दुकानात कुणी नावाने ओळखलं, तर त्या दिवसापासून आपला उपयोग संपला. साहेबांनी हे सगळं इतक्या गोडीने सांगितलं की मी मान डोलवत गेले.

चोरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गबाळं, भेदरलेलं माणूस यायचं. तसं कुणीच निघालं नाही. नोकरदारांच्या वसाहतीतल्या बायका भारी तांदळाच्या पिशवीवरची चिठ्ठी नखाने सोडवून तिथे साध्या तांदळाची लावायच्या. एक सुखवस्तू आजोबा रोज अर्धा तास बेदाण्यांच्या बरणीपाशी उभे राहून पोटभर खायचे आणि काडेपेटी घेऊन बिलाच्या रांगेत लागायचे. चपलांच्या फडताळावर दर सोमवारी चार-सहा झिजलेल्या जुन्या चपला ओळीने मांडलेल्या सापडायच्या, अंगठ्याचे काळे ठसे उमटलेल्या. त्यांचे मालक नव्या चपला घालून केव्हाच निघून गेलेले असायचे. ती ओळ बघितली की मला कसंसंच व्हायचं.

पकडण्याचीही रीत ठरलेली होती. उचलताना बघायचं, लपवताना बघायचं, नजरेआड होऊ द्यायचं नाही आणि बिलाचं टेबल ओलांडल्याशिवाय हात लावायचा नाही. 'चोर' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "ताई, काही चुकून राहिलं का?" एवढंच दारावरच्या बाईने म्हणायचं आणि आतल्या खोलीत न्यायचं. तिथे माफीचं पत्र लिहून घ्यायचे, वस्तू हातात देऊन फोटो काढायचे आणि फोटो भिंतीला चिकटवायचे. त्याच खोलीत आम्ही डबा खायचो. कुणी साबण धरलेलं, कुणी पावडरचा डबा धरलेलं, सगळे माझ्या भाकरीकडे बघत असायचे. त्यातले निम्मे मी टिपलेले होते आणि त्यांतल्या एकालाही ते कुणी टिपलं हे माहीत नव्हतं.

सहा महिने असे गेले. मग एक दिवस डाळींच्या रांगेत एका पाच-सहा वर्षांच्या पोरीने माझ्याकडे बोट केलं आणि मोठ्याने म्हणाली, "मम्मी, ही बाई कधीच बिल करत न्हाई."

आईने तिचा हात खस्सकन खाली ओढला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गाडीकडे, मग माझ्या पायांकडे. पायांकडे का, ते मला त्या वेळी कळलं नाही. ती माय पोरीला उचलून भराभर निघून गेली आणि तिची भरलेली गाडी तिथेच राहिली.

पुढच्या आठवड्यात माझ्या गाडीत एक नारळ निघाला. मी ठेवलेला नव्हता. खाली हिरवा खण आणि कागदाच्या पुडीत हळद-कुंकू होतं. मला वाटलं, कुणा बाईने चुकून माझ्या गाडीत ओटीचं सामान टाकलं. दुसऱ्या दिवशी परत निघालं, सोबत चार हिरव्या बांगड्या. मग मी लक्ष ठेवलं. एक सवाष्ण माझ्याजवळून खाली मान घालून गेली, जाता जाता गाडीत काहीतरी सोडलं आणि मागे न बघता सरळ दाराकडे चालू लागली. तिचे ओठ हलत होते.

उलगडा दोनेक महिन्यांनी डबा खाताना, दारावरच्या झडतीवाल्या बाईकडून झाला. ती बाहेरच्या चहाच्या टपरीवर दहा लोकांचं ऐकायची. दुकान जिथे उभं होतं तिथे पूर्वी कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं, आवारात विहीर होती, ती बुजवून वर फरशी घातली होती. जिनिंगमध्ये कापूस निवडायला बायका असायच्या. त्यांतली एक भरल्या दिवसांची विहिरीत गेली, असं आता सगळे सांगत होते. ती मॉलमध्ये फिरते. सामान घेते आणि परत ठेवते, तिची हौस फिटत नाही. कुणाशी बोलत नाही, कधी बाहेर पडताना दिसत नाही. तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. बघायचेच तर पाय बघायचे. तिची ओटी भरली तर ती वाटेला जात नाही. झडतीवाली हे सांगताना हसत होती, पण हसता हसता तिनेही एकदा माझ्या पायांकडे बघून घेतलं.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, माझी ओळख पटली म्हणा की आता. मला बिलाच्या टेबलावर बसवा." ते कागद बघत होते. मान वर करून म्हणाले, "ताई, दोन महिन्यांत चपलांच्या फडताळावर एक जुनी चप्पल नाही. बेदाणे भरलेले आहेत. बारा कॅमेऱ्यांनी झालं नाही ते तुम्ही केलंत." त्या बारांपैकी आठ कॅमेरे नुसती खोकी होती, आत काहीच नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सवलतीच्या ढिगातून एकसारख्या दोन हिरव्या साड्या काढून माझ्या हातात ठेवल्या. रोज हीच नेसायची, दुकानात आल्यावर बदलायची. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढायचा. हसायचं नाही, चालायचं सावकाश.

मी नको म्हटलं नाही. घरी नवरा नुकता काठी घेऊन दारापर्यंत जाऊ लागला होता. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही. माझ्यासमोरून लोक कायम धक्का देऊन गेलेले. आता मी रांगेत शिरले की रांग रिकामी व्हायची. एरवी मला "ए बाई, सरक" म्हणणाऱ्या बायका हात जोडायच्या. एकदा तर बेदाण्यांवाले आजोबा मला बघून खिशातून मूठ काढून बरणीत रिकामी करून गेले. मी पदराआड हसले होते.

तिमाहीची मोजदाद झाली तेव्हा दुकानात पहिल्यांदाच माल कमी न भरता जास्त भरला. नारळ, खण, बांगड्या, हळद-कुंकवाच्या पुड्या. कमी भरला तर काय करायचं याचे कंपनीने चार पानं नियम दिले होते. जास्त भरला तर काय, यावर एक ओळही नव्हती. साहेबांनी थोडा विचार केला आणि त्या सगळ्याला भावाच्या चिठ्ठ्या मारून माल फडताळावर लावला. बायका तिथून नारळ विकत घेत, माझ्या गाडीत सोडत, आणि संध्याकाळी तोच नारळ परत फडताळावर जाई. मी एका नारळाची शेंडी लक्षात ठेवली होती. तो आठवडाभरात तीनदा माझ्याकडे आला.

मग दोन गोष्टी अशा झाल्या की माझं हसू गेलं.

माझी सुट्टी मंगळवारी असायची. एका बुधवारी झडतीवाली म्हणाली, "काल सुट्टीवर न्हवतीस का गं?" होतेच, मी दिवसभर घरी पापड लाटत होते. मागाहून कळलं की काल तांदळाच्या रांगेत एका गाडीत ओटी निघाली होती, आणि ती भरणारी बाई बिलाच्या टेबलावर म्हणत होती, "आज बिलकुल माझ्याजवळ येऊन उभी राह्यली." साहेब म्हणाले, लोकांना सवय लागलीय, दिसेल त्या गाडीत टाकतात. असेलही. पण पुढच्या मंगळवारीही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. मी सुट्टीच्या दिवशी घरी बसून घड्याळाकडे बघायला लागले, आता ती कुठल्या रांगेत असेल म्हणून.

दुसरी गोष्ट आरशाची. दुकानाच्या कोपऱ्यांत छताला मोठे फुगीर आरसे होते, सगळं दुकान त्यात बारीक होऊन दिसायचं. एका दुपारी मी वर बघितलं तर हिरव्या साडीतली बाई मान वर करून माझ्याकडे बघत होती, आणि मी दचकून गाडी मागे ओढली. तिनेही ओढली. ती मीच आहे हे कळायला जो वेळ गेला, तेवढ्या वेळात मी काय होते, हे मला आजही सांगता येत नाही. त्या दिवसापासून मी आरशांकडे बघणं टाळलं.

माझी आई तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावी राहायची. तिला मी सांगितलं होतं की दुकानात वरच्या मजल्यावर टेबल-खुर्चीवर बसून लिहायचं काम आहे. दुकानाला वरचा मजलाच नव्हता. ती सगळ्या आळीला सांगायची, माझी लेक बसून काम करती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, माणूस ओळखायची ते आवाजावरून. आणि तीर्थपुरीच्या बाजाराला ती न चुकता जायची. मॉलमधल्या बाईची गोष्ट जीपमधून तिथवर पोचली असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तो शुक्रवार होता. मला ती आधी आरशात दिसली. नको नको म्हणताना नजर वर गेली आणि आरशात एक ठेंगणी बाई फडताळाला हात लावत, वाट चाचपत येत होती. चालण्यावरून मी लगेच ओळखलं. काय आनंद झाला मला! दुकानात आठ तास कुणाशी बोलायचं नाही अशा ठिकाणी आपली आई चालत येतेय. मग तिच्या हातातली पिशवी दिसली, आणि पिशवीतून वर आलेली नारळाची शेंडी.

ती मला शोधत होती, पण लेकीला नव्हे. "हिरवी साडी कुठं हाय?" असं तिने साबणाच्या पोरीला विचारलेलं मला ऐकू आलं आणि पोरीने बोट करून दाखवलं. मी गाडी धरून उभी राहिले. पळून जाता आलं असतं.

आई चार हातांवर येऊन थांबली. मान खाली, नजर माझ्या पायांवर. बाकीच्या बायका गाडीत टाकून पळायच्या, तिने तसं केलं नाही. "पदर पुढं कर बाई," म्हणाली. माझे हात आपसूक वर आले. दर दिवाळीला माहेरून निघताना जसा धरायचे तसा मी पदर धरला. तिने ओंजळीने तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. मग हात जोडले.

"तू कोण, कुठली, मला ठाव न्हाई," ती म्हणाली. "तुझ्यासंगं लई वाईट झालं असंल. पण माझी लेक हितं कामाला हाय. वर बसती लिहित. लई साधी हाय गं ती, कुणाच्या अध्यात न्हाई. तिचा मालक आजारी हाय. तिच्या वाटंला जाऊ नको. तुला काय पायजे ते माझ्यापून घे."

कंपनी, साहेब, नियम, सगळं गेलं डोक्यातून. मी म्हटलं, "आई."

तिने खाडकन हात मागे घेतले.

आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. भर दुपारी शेतात एकटं असलं आणि ओळखीच्या आवाजात हाक आली, तर ओ द्यायची नाही. बाहेरचं असलं की आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं. पण त्याला दोनच हाका मारता येतात. तिसरी आली तर समजायचं की आपलं माणूस आहे, मग ओ द्यायची. हे मला शिकवणारी आईच होती. आम्ही विहिरीवर गेलो की आम्हालाही ती तीन हाका मारायची, आणि तिसरीला आम्ही ओ दिली की हसायची.

"आई, मी हाय गं," मी म्हटलं. ही दुसरी.

ती वळली. पाठमोरी झाली, पण गेली नाही. फडताळाची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. ती थांबली होती. मला कळत होतं ती कशासाठी थांबलीय. तिची मान जराशी तिरकी झाली होती, उजव्या कानाने तिला बरं ऐकू यायचं म्हणून.

मी तिसरी हाक मारली नाही.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की रांगेच्या तोंडाशी दोन गिऱ्हाइकं आली होती, वर कॅमेरा होता, नोकरी गेली असती, घरी चूल बंद पडली असती. गिऱ्हाइकं आली होती हे खरं आहे, पण मला बघून ती तशीच मागे फिरली होती. आणि त्या रांगेवरचा कॅमेरा रिकामं खोकं होता. ते मला माहीत होतं. तोंड उघडलं होतं मी, शब्द जिभेवर आला होता. मग वाटलं, हिने मागे वळून बघितलं तर हिला काय दिसेल? सगळ्या तालुक्याला भ्यायला लावणारी ती आपली लेक. बसून काम करणारी. लाज वाटली मला. आणि लाजेपेक्षाही, गप्प राहणं माझ्या अंगवळणी पडलं होतं.

आई बराच वेळ उभी होती. मग तिने कड सोडली आणि आली तशी चाचपत चाचपत निघून गेली.

ती ओटी मला घरी नेता आली नाही. दुकानात निघालेली वस्तू दुकानाची. पिशवीत घालून बाहेर काढली असती तर ती चोरीच ठरली असती, आणि दारावर झडती होती. संध्याकाळी ओट्यांचा माल गोळा करणाऱ्या पोराने क्रेट आणला आणि माझ्या पदरातून नारळ, खण काढून घेतला. तांदूळ झाडूने गोळा केले. मी माझी साडी नेसले आणि झडती देऊन बाहेर पडले.

घरी आले तर आई ओट्यावर बसली होती. मी दारात उभी राहिले तशी ती उठली, आधी वाकून माझ्या पायांना हात लावून बघितला, मग दोन्ही हातांत माझं तोंड धरलं. नाक, डोळे, कपाळ, सगळं बोटांनी बघितलं. "बरी हायस ना?" दोनदा विचारलं. मी म्हटलं, "बरी आहे. काय झालं?"

"तुझ्या दुकानात आल्ते," ती म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर येऊ दिलं नसतंस. त्या बाईची ओटी भरून आले. तिनं मला हाक मारली गं. बिलकुल तुझ्या आवाजात. आई म्हणली."

मी तिला हाताला धरून परत ओट्यावर बसवलं.

"माझा जीव निम्मा झाला. वाटलं, माझीच लेक हाय ही. परत तिच्याकडं वळाय लागले व्हते. पण म्हणलं थांबावं, तिसरी येती का बघावं. लई वाट बघितली मी." तिने माझे हात घट्ट धरले. "न्हाई आली. मंग खात्री पटली, तू न्हाईस. तू असतीस तर मारली असतीस ना?"

"हो," मी म्हटलं.

"आता बिनघोर कर नोकरी," आई म्हणाली. "मी तिला सांगून आलेय."

त्यानंतर चार महिन्यांनी नवरा कामावर गेला आणि मी ती नोकरी सोडली. दुकानही पुढे बंद पडलं, आता तिथे लग्नाचं कार्यालय आहे. आई अजून आहे. मोतीबिंदू काढला, तरी दिसतं बेताचंच. तिला मी काहीच सांगितलेलं नाही. सांगायला गेले तर त्या दिवशी पाठमोरी उभी राहून तिने जी वाट बघितली, ती मला तिच्याकडून काढून घ्यावी लागेल, आणि ते माझ्याने होत नाही.

फक्त एक झालंय. माझ्या भावाची हाक आली की ती लगेच ओ देते, नातवंडांना देते, शेजारणीला देते. माझी हाक आली की मात्र ती हातातलं काम थांबवते, मान तिरकी करते आणि गप्प राहते. फोनवरसुद्धा. मी "आई" म्हणते, पलीकडे नुसता श्वास ऐकू येतो. परत म्हणते. आणखी एकदा म्हणते. तेव्हा कुठे ती म्हणते, "बोल बाळा."